घोटावड्याचं पाणी

यंदा क्लबाची बैठक माल्याला माझ्या खळ्यावर झाली नाही. ती घोटावड्याला झाली, माझ्या व्याह्याच्या हॉलमध्ये, पंख्याखाली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे माझ्या बोलण्याला आंबट वास का येतो हे पुढं कुणाला विचारायला नको.

क्लब हा गाड्यांचा. पुण्यातली आणि हिंजवडीतली माणसं. चारी चाकांना जोर असलेल्या गाड्या घेतात, आणि चांगला डांबरी रस्ता सोडून मुद्दाम दगडाधोंड्यातून, ओढ्यातून, चिखलातून घालतात. मग कुठंतरी माळावर तंबू ठोकून राहतात. ज्या वाटांना आम्ही जन्मभर शिव्या दिल्या त्या वाटा ह्यांना हौसेनं लागतात. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांची एक गाडी माझ्या भाताच्या खाचरात पोटापर्यंत रुतली होती. मी बांधावर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "गाडी मागनं काढू. आधी बांध कुणी फोडला ते सांगा."

क्लबाची म्होरकी एक बाई आहे. पन्नाशीची, हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर. सगळे तिला मॅडम म्हणतात, मीही म्हणतो. तिनं बूट काढले, पँट वर दुमडली आणि चिखलात उतरून माझ्याबरोबर बांध लिंपला. दुसऱ्या कुणाला बोलवलं नाही. तेव्हापासून माझं तिच्याशी जमलं. गाडी मग मी माझ्या जीपनं ओढून काढली. उमेदीची सगळी वर्षं मी पौड ते माले ही वडापची जीप चालवली. आत माणसं, टपावर माणसं, मागं लोंबकळणारी माणसं. वडाप सुटलं, जीप राहिली.

पुढच्या सालापासून भात निघाला आणि खाचरं रिकामी झाली की मॅडमचा फोन ठरलेला. "आबा, प्लॅनिंगला कधी येऊ?" मी खळं सारवून घ्यायचो. खळ्यावरच सगळा मुलूख मांडायचो. पालथी पाटी म्हणजे डोंगर. पेंढ्याची दोरी म्हणजे ओढा. घमेल्यात पाणी भरलं की धरण. गाड्या म्हणून हिरडे. कुठला हिरडा पुढं, कुठला मागं, दोरखंड कुठल्या गाडीत, कुणाच्या बांधावरून जायचं आणि त्या घरी आधी कोण जाऊन बोलणार, संडासाचे खड्डे वाऱ्याच्या कुठल्या अंगाला, म्हसोबाच्या राईत कुणी गाडी घालायची नाही आणि भोंगा वाजवायचा नाही, हे सगळं तिथं ठरायचं. ती कॉम्प्युटरवाली माणसं, त्यांना उकिडवं बसता येत नाही. बादल्या पालथ्या घालून त्यावर बसायची आणि माझ्या हातातल्या हिरड्याकडं बघायची. तंबू माझ्याच माळावर पडायचे. धरणाचं पाणी दिसतं तिथून. जेवायला माझ्या बायकोचं पिठलं आणि इंद्रायणीचा भात. सांगायचं म्हणजे, माझ्यावाचून क्लबाचं पान हलत नव्हतं, आणि मला त्याची सवय लागली होती.

आता व्याही.

माझी एकुलती लेक घोटावड्याला दिली. जावई कारखान्यात शिफ्टला जातो, सालस आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. त्याचा बाप म्हणजे माझा व्याही. माझ्याच वयाचा. रस्त्याकडेची जमीन त्यानं गोडाऊनवाल्यांना भाड्यानं दिली आणि बसल्या जागी मोठा झाला. एका दिवाळीत सुनेला माहेरी सोडायला म्हणून आला, तर इकडं खळ्यावर बैठक चाललेली. तोही एका बादलीवर बसला. गप्प बसून सगळं बघितलं. चार महिन्यांत काळी, उंच, कोरी गाडी घेऊन माझ्या दारात उभा. पुढच्या अंगाला लोखंडी दोराचं रहाट, बाजूनं टपापर्यंत गेलेलं नळकांडं.

"ह्ये काय, धुराडं हाय का?" मी विचारलं.

"न्हाई इवाई. नाक हाय. पाण्यात बुडाली तरी श्वास घेती."

"आमच्या जीपला बुडायची सवय न्हाई," मी म्हणालो.

तो हसला. पण क्लबात नाव त्यानं घातलं. क्लबाचा बनियन मिळाला त्याला, पाठीवर नाव छापलेला. मला इतक्या सालांत कुणी बनियन दिला नव्हता. मला कशाला देतील, मी काय सभासद आहे का, मी आबा आहे. असं मी मनाला समजावलं. ते मन काही समजलं नाही.

आणि गाडी घेतली ते एक सोडा. ती गाडी माझी लेक चालवते. तिला गाडी कुणी शिकवली? मी. धरणाच्या कडेच्या मोकळ्या रानात, ह्याच जीपवर, क्लच सोडताना जीप ससा उडाल्यासारखी उडायची तेव्हा तिच्या शेजारी बसून माझी कवळी खिळखिळी झाली. आता ती ह्याची गाडी चालवते आणि हा शेजारी पाटलासारखा बसतो. ती त्याला पप्पा म्हणते. मला आबा म्हणते, त्याला पप्पा. हिंजवडीच्या वाऱ्याला आता सगळ्या सुना सासऱ्याला पप्पाच म्हणतात, हे मला माहीत आहे. माहीत असून काय उपयोग.

तर मॅडमचा फोन आला.

"आबा, या वेळी घोटावड्याला भेटू या का? सगळ्यांना ऑफिसवरून जवळ पडतं. आणि तिथं मोठा टीव्ही आहे, मॅप नीट दिसेल."

"डोंगर हितं, आन् बैठक तितं?"

"तुम्हाला घ्यायला गाडी पाठवते ना."

"माझी जीप हाय," मी म्हणालो आणि फोन ठेवला. जायचं नाही असं ठरवलं. मग वाटलं, आपण नाही गेलो तर त्याला मोकळं रान. म्हणून गेलो.

हॉलमध्ये सोफे. क्लबाची पंधराएक माणसं ऐसपैस बसलेली, एकाचीही पाठ दुखत नव्हती. मला मधली खुर्ची दिली. लेक आतून ट्रे घेऊन आली. पाण्याचे पेले. मॅडमनं घेतला, बाकीच्यांनी घेतला. मग ट्रे माझ्यापुढं आला.

इथं आमची रीत सांगायला हवी. आमच्यात लेक दिली की तिला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरच्या अन्नपाण्याला शिवायचं नसतं. माझा बाप माझ्या बहिणीकडं उन्हातान्हाचा पायी जायचा. वेशीबाहेरच्या आडावर पोटभर पाणी प्यायचा आणि मग तिच्या दारात उभा राहायचा, म्हणजे आत कुणी विचारलं तर तहान नाही म्हणताना खोटं बोलावं लागू नये. मी त्याचा मुलगा. माझ्या बायकोनं मात्र पहिल्याच भेटीत घोटावड्याला चहा घेतला, तोही बशीत ओतून. मी डोळे वटारले तर म्हणाली, "तुमची रीत तुमच्यापाशी, माझी तल्लफ माझ्यापाशी."

लेकीच्या लग्नाला तीन सालं झाली. पाळणा अजून हललेला नाही.

"नको," मी म्हणालो.

"घ्या की इवाई," व्याही समोरून म्हणाला, चांगला मोठ्यांदा. "फिल्टरचं हाय."

"तहान न्हाई."

मॅडमला काळजी वाटली. "आबांना काही पथ्य आहे का?"

"पथ्य न्हाई मॅडम, रीत हाय," व्याही म्हणाला, आणि ती रीत कसली ते त्यानं सगळ्यांना इत्थंभूत समजावून सांगितलं. मुलाचा विषय आला तेव्हा लेक ट्रे घेऊन आत वळली. माझा पेला तसाच भरलेला तिच्या ट्रेमध्ये राहिला.

मग टीव्हीवर नकाशा लागला. वरून काढलेला फोटो. त्यात माझा माळ अंगठ्याच्या नखाएवढा पिवळा ठिपका. व्याही बनियन घालून उभा राहिला आणि त्यावर बोट फिरवायला लागला. ह्या वाटेनं वर, हितं वळायचं, हितं तंबू, हितं गाड्या. त्याचं बोट माझ्या माळावरून फिरत होतं आणि मला ते पाठीवर मुंगी चढल्यासारखं वाटत होतं.

"जुन्या गाडीवाटेनं जायचं," मी म्हणालो. "राईच्या खालनं. दर साली तसंच जातो."

घसा इतका सुकला होता की आवाज कोंबडीच्या पिलासारखा आला. कुणाला नीट ऐकूही गेलं नाही. परत म्हणालो.

लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "आबा, ती वाट ऱ्हायली न्हाई. पावसात ओढ्यावरची मोरीच वाहून गेली. आमी बघून आलोय."

"आमी म्हंजे कोण?"

"मी आन् पप्पा. रेकीला आलो व्हतो ना."

माझ्या दारावरून गेल्याशिवाय तिथं जाता येत नाही. म्हणजे दारावरून गेले आणि आत आले नाहीत. तिनं मोबाईलमध्ये मोरीचा फोटो काढलेला होता, तोही टीव्हीवर दाखवला. मोरी खरंच नव्हती. दोन्ही कडा उघड्या आणि मध्ये नुसता घसारा. मी म्हणालो, "दगड टाकले की व्हतंय." मॅडम म्हणाली, "रिस्क नको आबा." झालं. वाट व्याह्याची ठरली.

आणि शेवटी त्यानं कळस चढवला. "जेवण आमच्याकडनं. दर साली माल्याच्या वहिनींना तरास कशाला. समदं माझी सून करंल. हितनंच डबे भरून न्यायचे."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हिशोब घातला. माळ माझा. माळावर जेवण लेकीच्या सासरचं. म्हणजे माझ्या माळावर सगळा गाव जेवणार आणि मी एकटा उपाशी बघत बसणार. त्याला हे सुचलं होतं की सहज बोलून गेला, ते मला आजवर कळलेलं नाही. त्या दिवशी मात्र माझी खात्री होती.

येताना पौडात जीप थांबवून रसवंतीच्या माठातलं चार पेले पाणी प्यालो.

घरी बायकोला सांगितलं. तिला वाईट वाटेल, पिठल्याचा मान गेला म्हणून चिडेल, असं वाटलं होतं. ती म्हणाली, "बरं झालं. एवढ्यांचं रांधून माझे गुडघे जातात."

"आन् मी काय खायचं?"

"उपाशी बसा."

"माळ माझा हाय."

"माळ तुमचा, पोट तुमचं, हट्टबी तुमचाच. कुणी न्यायला आलंय का?"

कॅम्पच्या आधी लेक एकटीच आली, त्या काळ्या गाडीतून. तंबूंच्या जागा आखायच्या होत्या. आमच्याकडं कबड्डीचं मैदान आखतात तशी चुन्याची फक्की घेऊन. मी बरोबर गेलो. माळ माझा आहे, आखताना मी नको का.

"पप्पा न्हाई आले?" मी विचारलं. पप्पा हा शब्द मी जरा दाबूनच म्हणालो.

"मीच नको म्हणलं."

ती फक्की ओढत होती, मी पावलं टाकून अंतर सांगत होतो. पूर्वी खळ्यावर हिरडे मांडताना ती माझ्याबरोबर असायची, तसंच वाटलं घटकाभर. "गाडी बरी चालती का?" मी विचारलं.

"चांगली हाय. तुमच्या जीपवानी ओरडत न्हाई."

"ओरडती म्हंजे जिती हाय."

ती हसली. खड्ड्यांची जागा आखून झाली तेव्हा तिनं फक्कीची पाटी खाली ठेवली, पदराला हात पुसले.

"आबा, एक बोलू? रागावू नका."

"बोल."

"आमच्या घरी तुमी पाणी नको म्हणता, तवा कुणाला नको म्हणता असं तुमाला वाटतं?"

"तुज्या सासऱ्याला."

"पेला त्यांच्या हातात नसतो. माझ्या हातात असतो."

मी धरणाकडं बघितलं. पाणी आणखी खाली गेलं होतं, कडेला लाल मातीचा पट्टा दिसत होता.

"रीत मी केल्याली न्हाई," मी म्हणालो.

"तुमी न्हाई केली. पर त्या दिवशी पंधरा माणसं बसली व्हती. मला मूल न्हाई ह्ये त्यांना कशाला म्हाईत असायला पायजे? माझ्या पोटाची गोष्ट तुमच्या पेल्यावरनं समद्यांना कळती आबा. दर येळी. पाहुणे आले, पूजा असली, बैठक असली. तुमी नको म्हणता आन् सगळ्या बाया माझ्याकडं बघतात."

"त्यानं कशाला सांगायचं मग? मी नुसतं तहान न्हाई म्हणलो व्हतो."

"त्यांचं मी त्यांच्याशी बोलले. आता तुमच्याशी बोलतीय."

 व्याह्याला ती बोलली, म्हणजे काय बोलली, किती बोलली, हे विचारावंसं वाटलं. आम्हा दोघांना तिनं एकाच पंगतीला बसवलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला तेच जास्त लागलं. मी म्हणालो, "फक्की वाऱ्यानं चाललीय. उरक."

ती उरकायला लागली. पुन्हा तो विषय तिनं काढला नाही. चहा घ्यायला घरी थांबली, आईशी बोलली, गेली.

कॅम्पच्या दिवशी गाड्यांचा क्रम लागला. सगळ्यात पुढं काळी गाडी, लेक चालवतेय, व्याही शेजारी. सगळ्यात मागं मी. दर साली मी पुढं असायचो. मॅडमनं एक वॉकीटॉकी माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आबा, शेवटची गाडी मोठ्या जबाबदारीची. कुणी मागं राहता कामा नये." पेढा दिल्यासारखं म्हणाली. मी घेतला वॉकीटॉकी. पण शेवटच्या गाडीला जबाबदारीबरोबर पुढच्या सगळ्यांची धूळ पण मिळते, हे ती म्हणाली नाही. माळावर पोचलो तेव्हा बायको माझ्या शेजारून उतरली आणि माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "आता फकस्त पिठाच्या गिरणीत कामाला ठेवायचं राह्यलं."

दुपारच्या जेवणाला डबे उघडले. मटणाचा रस्सा, तांदळाच्या भाकरी, मटण न खाणाऱ्यांना भरली वांगी. वास सगळ्या माळावर पसरला. माझ्या लेकीच्या हाताचा वास मला आंधळा झालो तरी ओळखू येईल. रांग लागली. बायको रांगेत दुसरी.

मला कुणी जेवा म्हणालं नाही. मॅडम नाही, व्याही नाही, कुणीच नाही. लेकीनं सगळ्यांना आधी सांगून ठेवलं होतं, आबांना आग्रह करू नका. म्हणजे मला नको म्हणायची वेळच तिनं येऊ दिली नाही. मी जांभळीखाली बसलो आणि फडकं सोडलं. सकाळी बायकोनं माझ्याशी न बोलता ते जीपमध्ये ठेवलं होतं. दोन भाकरी, ठेचा, कांदा. बाटलीत घरचं पाणी. बुक्कीनं कांदा फोडला.

व्याही भरलेलं ताट घेऊन समोरून गेला. "मी बाबा जेवणार," मला ऐकू जाईल असं म्हणाला. "पोराचा बाप हाय. मला कुटंबी चालतं."

मी घास चावत राहिलो. भाकरी कोरडी होती.

सगळ्यांना वाढून झाल्यावर लेक आली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसली. तिच्या हातात ताट नव्हतं. तिनं माझ्या फडक्यातली दुसरी भाकरी उचलली, मोडली, ठेच्याला लावली आणि खायला लागली. ठेचा झोंबला तसं नाक ओढलं. लहानपणी ओढायची तसंच.

"तुझं जेवण तितं हाय," मी म्हणालो.

"सकाळपास्नं त्याच्याच वासात हाय. नको वाटतंय. आईचा ठेचा किती दिसांनी खातीय."

आम्ही दोघं खात होतो. वर बघितलं तर व्याही ताट हातात धरून उभा. खात नव्हता. बघत होता. त्याच्याच घरात शिजलेलं, त्याच्याच डब्यातून आलेलं मटण सोडून त्याची सून माझ्या फडक्यातली कोरडी भाकरी खात होती. त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि मला ते तोंड ओळखीचं वाटलं. वर्षभर मी तेच घेऊन हिंडत होतो.

"घरी तर ठेचा खात न्हाई ती," तो म्हणाला. "तिखट सोसत न्हाई म्हणती."

"तुमच्याकडचा सोसत नसंल," मी म्हणालो.

लेकीनं मान वर केली नाही, पण हसू दाबलं. तो तसाच उभा राहिला. मग गुडघ्यावर हात टेकून हळूच खाली बसला, आमच्यात. "एक तुकडा द्या इवाई."

मुलाच्या बापाला नाही म्हणता येत नाही, तीही रीतच आहे. मी त्याला दिला. कडेचा, करपलेला दिला. त्यानं ठेचा जरा जास्तच घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं तरी चांगला आहे, चांगला आहे म्हणत राहिला. माझी बाटली त्याच्यापुढं सारली तर घटाघटा अर्धी संपवली. त्या दुपारी मला जेवणावर साखर खाल्ल्यासारखं वाटलं. आजही वाटतं. ते मी लपवणार नाही.

कॅम्प झाला की क्लबाची आणखी एक बैठक असते. काय चुकलं, काय साधलं, पुढच्या खेपेला कुठं जायचं. तीही घोटावड्यालाच ठेवली होती. मी गेलो. तोच हॉल, तीच मधली खुर्ची.

लेक ट्रे घेऊन आली. मॅडमला दिलं. तिच्या शेजारच्याला दिलं. मग माझ्यापाशी आली आणि ट्रे न थांबवता पुढच्या माणसाकडं गेली. घाई नाही, राग नाही. जसं काही माझ्या खुर्चीवर कुणी बसलेलंच नव्हतं. मला नको म्हणावं लागलं नाही, कुणी विचारलं नाही, कुणी कुणाकडं बघितलं नाही. तिनं वाट काढली होती, आणि त्या वाटेवर मी कुठंच नव्हतो.

सगळे पाणी पीत होते. मॅडम पीत होती. माझ्या शेजारी एक पोरगेलासा कॉम्प्युटरवाला बसला होता, तो पेल्यात बर्फ आहे का म्हणून वाकून बघत होता. त्याचं माझ्या लेकीशी ना नातं ना गोतं, आणि तिच्या हातचं पाणी त्याला मिळतं आणि मला नाही. व्याह्याचा हेवा केला, गाडीचा केला, बनियनचा केला. पण त्या बर्फ शोधणाऱ्या पोराचा केला तसा कुणाचाच केला नसेल.

"बाय," मी म्हणालो. "हिकडं आण."

ती वळली. ट्रेमध्ये एक पेला उरला होता, व्याह्याचा. तिनं माझ्याकडं बघितलं, मग व्याह्याकडं.

"इवाई," व्याही म्हणाला. ह्या वेळी हळू म्हणाला. "रीत?"

मी पेला हातात घेतला. "तुमच्या नळाला पाणी कुटनं येतं?"

"कुटनं म्हंजे, नदीचं येतं. मुळेचं."

"मुळा कुटनं येती?"

तो पंख्याकडं बघायला लागला.

"धरणाखालनं येती. आमच्याकडनं," मी म्हणालो. "आमच्या डोंगरावरचा पाऊस तुमच्या टाकीत पडतोय. मंग पाणी कुणाचं झालं? माहेरचं. आमचंच पाणी हाय, दोन घोट माघारी घेतो."

आणि प्यालो. गार होतं. पूर्ण पेला संपवला, खाली ठेवला नाही, तिच्या हातात दिला.

मॅडम कुणाशी तरी बोलत होती, तिला काही कळलं नाही. क्लबाच्या बाकीच्यांनाही नाही. व्याह्याला कळलं. तो म्हणाला, "फिल्टर मात्र आमचा हाय हां."

"फिल्टरचं काय ते तुमी प्या," मी म्हणालो.

लेक रिकामा पेला धरून उभी होती. "अजून आणू?"

"आण."

तिनं आणला. तोही प्यालो. आता घसा चांगला ओला झाला होता, तेव्हा पुढच्या साली जुन्या गाडीवाटेनंच जायचं, मोरी मी स्वतः दगड टाकून बांधून देतो, असं मी सगळ्यांना खणखणीत आवाजात सांगितलं. सगळ्यांना नीट ऐकू गेलं. मग हात वर करून मतं घेतली. माझ्या बाजूनं मी आणि व्याही. लेकीनं हात वर केला नाही.